टेस्ट फ्लाइटला इंजिनियर पण बसतो

मी जुहू एरोड्रोमवर एअरक्राफ्ट मेंटेनन्समधे काम करतो. जुहू म्हटलं की लोकांना चौपाटीच आठवते, पण हे एरोड्रोम १९२८ पासूनचं आहे आणि १९३२ साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले होते. आता जास्त करून हेलिकॉप्टरं, मधेच एखादं छोटं विमान. जागा लहान, त्यामुळे कुणाच्या हँगरमधे कुठलं मशीन किती दिवस उभंय हे चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत असतं.

२८ जून २०१८, गुरुवार. व्हीटी-यूपीझेड नंबरचं किंग एअर सी९०, म्हणजे दोन इंजिनांचं छोटं विमान, आधी उत्तर प्रदेश सरकारचं होतं, मग विकलं गेलं, त्याचं बराच काळ काम चाललं होतं आणि त्या दिवशी टेस्ट फ्लाइट होती. आमचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, मी आमच्या हँगरमधे एका हेलिकॉप्टरवर लॉकवायर, म्हणजे नट सैल होऊ नये म्हणून पिळून लावायची तार, मारत होतो. दुपारी एकच्या पुढे कुणीतरी मोबाइल घेऊन धावत आला, घाटकोपरला विमान पडलंय, आपल्या जुहूचंच. माझी वायर अर्धी पिळलेली, ती तशी सोडता येत नाही, हात थरथरत होते तरी पूर्ण केली, दुसऱ्याकडून चेक करून घेतली आणि मगच व्हिडिओ बघितला. नुसता धूर आणि आग.

उडाल्यापासून तासाभराच्या आत ते घाटकोपर पश्चिमेला जीवदया लेनमधे बांधकाम चालू असलेल्या बिल्डिंगच्या आवारात कोसळलं होतं. कामगार जेवायला गेले होते म्हणून वाचले. पाच जण गेले, दोन पायलट, एक एएमई (एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनियर), एक टेक्निशियन आणि रस्त्याने चाललेला एक माणूस ज्याचा या कशाशीच संबंध नव्हता.

टीव्हीवर दिवसभर पायलटचं चालू होतं, की वस्ती टाळून विमान मोकळ्या जागेकडे नेलं वगैरे, आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण बाकीच्या दोघांना नुसतं 'क्रू' म्हणून मोकळे होत होते, ते मला फार लागलं. ते आमच्यातले होते हो. त्यातली एएमई एक बाई होती, आमच्या लाइनमधे आधीच बायका कमी.

संध्याकाळी सोसायटीत मला तीन-चार जणांनी विचारलं, की दुरुस्ती करणारे लोक विमानात कशाला बसले होते? तर सांगतो. सी९० ला दोन पीटी६ इंजिनं, प्रत्येकी ५५० हॉर्सपॉवरची. जमिनीवर रन-अप घेऊन, म्हणजे उभ्या विमानात इंजिन चालवून, बरंच काही कळतं, पण केबिन प्रेशर वर धरतंय का, एक इंजिन बंद करून प्रोपेलर फेदर केला, म्हणजे त्याची पाती वाऱ्याला अडणार नाहीत अशी वळवली, तर तो नीट होतोय का, परत स्टार्ट होतंय का, गिअर (चाकं) हवेच्या दाबात वर जातोय का, हे हवेतच बघावं लागतं. पायलटचं लक्ष उडवण्यात, मग टॉर्क, आयटीटी (इंजिनाच्या टर्बाइनमधलं तापमान), ऑइल प्रेशर, फ्युएल फ्लो ही रीडिंगं लिहून घ्यायला मागे कुणीतरी लागतं, आणि कुठला नट कधी उघडला हे माहीत असलेला माणूस असेल तर बरंच. मी स्वतः मांडीवर क्लिपबोर्ड घेऊन असा बसलोय. आणखी एक गोष्ट असते जी कुठल्या मॅन्युअलमधे नाही, पायलट सहज विचारतो, "काय साहेब, येताय ना?" ज्याने लॉगबुकवर सही केली तो सोबत बसला की पायलटलाही धीर येतो. नाही म्हणवत नाही.

त्या दुपारी आईचा साताऱ्याहून फोन, "अरे तू खालीच असतोस ना? विमानात नाही ना बसत?" मी म्हटलं, "अगं आई, मी हँगरमधेच आहे, जेवतोय." टेस्ट फ्लाइटचं घरी कधी बोललोच नव्हतो, बायकोलाही नाही. रात्री तिला सगळं नीट सांगितलं, विम्याचे कागद कुठे आहेत तेही, ती बराच वेळ काहीच बोलली नाही.

अपघाताचं कारण काय हे एएआयबीने, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेने बघायचं, ते त्यांचं काम, त्यावर व्हॉट्सॲपवर ज्यांनी निकाल लावून टाकले त्यांचा मला राग येतो. माझं म्हणणं एवढंच की आमच्या लाइनमधली नवीन पोरं हौसेने फ्लाइटला बसायला बघतात, विमानात काम करायचं आणि कधी उडायला मिळत नाही त्यामुळे ते समजूही शकतो, पण जागा रिकामी आहे म्हणून कुणी बसायचं नाही. मी आमच्या ऑफिसात हट्टच धरला. आता टेस्ट फ्लाइटच्या आधी कागदावर नावं लिहितो, कोण बसतंय, कुठलं रीडिंग कुणाकडे, आणि त्याचा विमा या फ्लाइटला लागू आहे का. ज्याच्या नावापुढे काम नाही तो खाली थांबतो, मग मालकाचा पुतण्या असला तरी.