माळवदाखालचे नेटवर्क

एका खोलीतील संगणकावरची फाइल शेजारच्या खोलीतील संगणकावर न्यायची असेल, तर आजकाल बहुतेक जण ती व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतात आणि पलीकडे जाऊन उतरवून घेतात. एका भिंतीपलीकडे जायचे म्हणून फाइल कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरचे दर्शन घेऊन परत येते, इंटरनेट गेलेले असेल तर वाटेतच अडकते, आणि याचे कुणाला फारसे नवलही वाटत नाही. सरळ वाट नाही असे नाही. पण घरातले संगणक वेगवेगळ्या वयाचे असले की ती वाट पुन्हा नांदती करायला बराच खटाटोप करावा लागतो.

अंबाजोगाईच्या आमच्या जुन्या घरात हा खटाटोप टाळता येण्यासारखा नाही. माझे थोरले चुलते, म्हणजे तात्या, लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रके जुळवून देण्याचे काम अजूनही करतात आणि त्यांचा संगणक विंडोज एक्सपी या विंडोजच्या जुन्या आवृत्तीवर चालतो. त्यावर पाने जुळवण्याचे पेजमेकर हे सॉफ्टवेअर आहे, जुने मराठी टंक आहेत, आणि टंकांच्या सॉफ्टवेअरचे कुलूप म्हणून मागे एक डोंगल कायमचा खोवलेला आहे. नवा संगणक घ्यावा असे घरातल्या प्रत्येकाने त्यांना सुचवून झाले आहे. "ह्याला काय धाड भरलीय?" असे ते विचारतात, आणि खरोखरच त्या यंत्राला काही झालेले नसते.

आमचे घर माळवदाचे आहे. दगड आणि पांढऱ्या मातीच्या भिंती एवढ्या रुंद आहेत, की कोनाड्यात समई, पंचांग आणि चष्म्याचे घर एकामागे एक मावते. अशा भिंतीतून वायफाय पलीकडे जाता जाता अर्धमेला होतो, म्हणून राउटरपासून तात्यांच्या खोलीपर्यंत तारच न्यावी लागली. भिंतीला भोक पाडताना पांढरी माती भुरभुरत राहिली आणि काकूंनी दिवसभर झाडणी खाली ठेवली नाही. त्या तारेत आठ बारीक तारा असतात, एकमेकींना पीळ घातलेल्या चार जोड्या. पण तात्यांच्या जुन्या नेटवर्क कार्डाचा वेग १०० मेगाबिटांचा असल्याने नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या राबतात, निळी आणि तपकिरी नुसत्या बसून असतात. तरीही सेकंदाला दहा-अकरा मेगाबाइट सहज जातात, म्हणजे एका हंगामाच्या साऱ्या पत्रिका चहा गाळून होईपर्यंत पलीकडे पोहोचाव्यात.

त्या पोहोचत मात्र नव्हत्या. माझ्या पुतणीच्या नव्या लॅपटॉपवर तात्यांचा संगणक दिसतच नव्हता, आणि तात्यांच्या पडद्यावर तिचा लॅपटॉप.

जुन्या विंडोजच्या काळी घरातले संगणक एकमेकांना कसे ओळखत, ही मोठी गमतीची व्यवस्था होती. १९९२ साली आलेल्या 'विंडोज फॉर वर्कग्रुप्स'पासून ती घरोघरी रूढ झाली. वर्कग्रुपमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या संगणकांच्या गटात, कुणी मालक नसे. कोण कोण हजर आहे याची यादी सांभाळायला संगणक आपापसांत चक्क निवडणूक घेत, आणि तिला तांत्रिक भाषेतही निवडणूकच म्हणत. नव्या आवृत्तीच्या संगणकाचे पारडे जड असे, आणि त्यात बरोबरी झाली तर जो जास्त वेळ सुरू आहे त्याला मान मिळे. निवडून आलेला संगणक सरपंचासारखा यादी घेऊन बसे आणि बाकीच्यांनी साधारण दर १२ मिनिटांनी आपली हजेरी लावायची असे. सलग तीन हजेऱ्या चुकल्यावरच नाव कमी होई. त्यामुळे भारनियमनात एखादा संगणक फट्दिशी बंद पडला, तरी त्याचे नाव मतदार यादीतील मयताच्या नावाप्रमाणे अर्धा-पाऊण तास टिकून राही, आणि त्यावर क्लिक करणारा पडद्याकडे बघत बसे.

हजेरीची ही रीत आणि फाइल नेण्याची भाषा एकमेकींत गुंतलेल्या होत्या. त्या भाषेचे नाव एसएमबी. ती मूळची १९८०च्या दशकातली, आयबीएममध्ये घडलेली. तिच्या पहिल्या आवृत्तीचा स्वभाव भिडस्त होता: घरातला जो येईल तो आपलाच, असे धरून ती चाले. एक्सपीच्या साध्या शेअरिंगमध्ये नेटवर्कवरून येणाऱ्या प्रत्येकाला 'गेस्ट' म्हणूनच आत घेतले जाई. नाव-गाव, पासवर्ड काही विचारले जात नसे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा किडा याच पहिल्या आवृत्तीतल्या एका छिद्रातून जगभर घुसला आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे संगणकही त्याने ओलीस धरले. मायक्रोसॉफ्टने त्या छिद्राला ठिगळ मार्चमध्येच दिले होते, पण अनेकांनी ते लावून घेतलेच नव्हते. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार तर एप्रिल २०१४ मध्येच संपला होता. तरीही या संकटात त्याच्यासाठी खास ठिगळ काढावे लागले. त्याच वर्षाच्या शेवटापासून नव्या विंडोजमध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती मुळातच बसवलेली येत नाही, आणि एक्सपीला तर तेवढी एकच येते. समोरासमोर बसलेल्या दोघांना बोलायला एक भाषाच उरली नाही, म्हटल्यावर यादीत दिसणार कोण?

नव्या विंडोजमध्ये ती जुनी आवृत्ती हाताने चालू करता येते. कंट्रोल पॅनेलमध्ये एका चौकटीत बरोबरची खूण केली, की झाले. मात्र पंधरा दिवस ती वापरली नाही, तर विंडोज तिला आपणहून काढून टाकते. हा शिष्टपणा मला आधी खटकला होता, पण विचार केल्यावर पटला. पुतणीचा लॅपटॉप घरातून कॉलेजात, कॉलेजातून मैत्रिणींच्या खोलीवर फिरतो. घरापुरते उघडलेले दार सगळ्या गावभर उघडे घेऊन हिंडण्यात शहाणपण नाही. एक्सपीच्या मनात घर म्हणजे घरच होते. नव्या संगणकाला घरातले नेटवर्कही रस्त्यासारखेच वाटते, आणि त्याचे काही चुकत नाही.

म्हणून दोघांच्या मध्ये एक दुभाष्या बसवला. तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक घेतला आणि त्यावर सांबा हे एसएमबी बोलणारे सॉफ्टवेअर घातले. सांबा हे अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात पीएचडी करत असताना सुरू केलेले काम. तारेवरून काय जाते-येते ते पाहत पाहत त्यांनी ही भाषा उमजून घेतली, आणि आजही ते सॉफ्टवेअर कुणालाही फुकट वापरता येते. आता सांबाही जुनी आवृत्ती बंद ठेवूनच येते, पण सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ बदलली की सांबा एक्सपीशी जुन्या भाषेत आणि लॅपटॉपशी नव्या भाषेत बोलते. शिवाय एक्सपीचा बाहेरच्या इंटरनेटचा रस्ता राउटरमधून बंद करून टाकला. तात्यांना ते जाणवलेसुद्धा नाही.

एक कटकट निराळीच निघाली. एक्सपीच्या मदरबोर्डवरची घड्याळाची बॅटरी, रुपयाच्या नाण्याएवढी तीन व्होल्टची, संपली होती, आणि वीज गेली की ते यंत्र अनेक वर्षे मागे जाई. त्या अवस्थेत तात्यांनी सकाळी दुरुस्त केलेली पत्रिका सामाईक फोल्डरमध्ये जुन्या तारखेने येई आणि कालची चुकीची फाइल तिच्यापेक्षा ताजी ठरे. नवरीच्या मामाचे नाव दुरुस्त होऊनही पुन्हा चुकीचेच छापायला निघाले होते. काकूंनी वेळेवर पाहिले म्हणून निभावले. अशा वेळी नेटवर्कवर ठपका ठेवायला सगळे पुढे येतात, बॅटरीचे नाव कुणी घेत नाही. ती बदलायला पाच मिनिटे लागली.

आता फाइल बिनबोभाट जातात. तरीही पुतणीने पेजमेकरची फाइल उघडली, तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि चौकोनी कंस यांची मिसळ दिसते, कारण ते जुने टंक युनिकोडच्या, म्हणजे अक्षरांच्या आजच्या सामाईक संकेताच्या, आधीचे, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले आहेत. तेव्हा तात्या पत्रिकेची पीडीएफ करून फोल्डरमध्ये टाकतात, पुतणी ती मोबाइलवर मुलीकडच्यांना पाठवते, आणि तिकडून 'आमच्या आत्याबाईंचं नाव राहिलं की हो' असा फोन आला, की दुरुस्तीसाठी तात्यांच्याच खोलीत जावे लागते.