मेळघाटातील मचाणावरची एक रात्र

बुद्ध पौर्णिमेला दुपारी चार वाजता सेमाडोहच्या जंगलातील एका पाणवठ्यावर आम्ही पोहोचलो. मचाणावर चढण्यापूर्वी सोबतच्या कोरकू वनमजूर दादांनी चिमूटभर माती उचलून बोटांतून सोडली आणि ती कुठे उडते ते पाहिले. वारा पाण्याकडून आमच्याकडे येत होता. "चांगलं आहे, ताई, आपला वास तिकडं जाणार नाही," एवढे बोलून ते शिडी चढले. साबण आणि अत्तर टाळण्याची सूचना मला आधीच मिळाली होती. तिचे कारण मात्र तेव्हा कळले.

साडेनऊच्या सुमारास अस्वल आले. ते दिसण्याआधीच पाचोळ्याचा आवाज आणि त्याचे फुसफुसणे ऐकू येत होते. अस्वलाची नजर व कान बेताचे असतात, नाक मात्र अतिशय तीक्ष्ण असते. चांदण्यात ते आमच्यापासून जेमतेम पंचवीस पावलांवर, आमची दखलही न घेता, लपलप पाणी पीत होते. मग माझ्या मानेवर मागून गार झुळूक लागली, आणि दोन श्वासांतच त्याचे मुस्कट वर उठले. त्याने नाकपुड्या फुगवून आमच्या दिशेने हवा हुंगली, घशातून घरघर केली आणि सागाच्या रोपांत ते दिसेनासे झाले. एकाच जागी बसलेली आम्ही दोन माणसे क्षणापूर्वी त्याच्यासाठी अस्तित्वातच नव्हतो. जाणिवेचे अंतर वाऱ्यासरशी असे बदलताना मी प्रथमच पाहिले.

माणसाची दूरची इंद्रिये म्हणजे डोळे, हे त्या रात्री मनोमन पटले. पूर्ण चंद्राच्या उजेडातही स्वातीचा तारा स्वच्छ दिसत होता आणि त्याचा प्रकाश सुमारे ३७ वर्षे प्रवास करून आमच्यापर्यंत येत होता. कान मात्र २० हर्ट्झच्या (सेकंदाला २० कंपनांच्या) खाली आपल्याला साथ देत नाहीत. मेळघाटातल्याच कोलकासला वनखात्याचे हत्ती जवळून पाहिले, तेव्हा ते मला मुके वाटले होते. परंतु हत्तींचे कित्येक किलोमीटर पोहोचणारे बोलणे त्याच खालच्या पट्टीत चालते. १९८४ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात प्राण्यांच्या आवाजांच्या अभ्यासक केटी पेन यांना ते ऐकू आले नव्हते, हवेतील धडधडीसारखे जाणवले होते, आणि त्यातूनच पुढचा शोध लागला.

दोनच्या सुमारास पलीकडच्या ओढ्यातून सांबराची "ढाँक" अशी हाक आली. ती इतकी खणखणीत होती की माझा हात आपोआप दादांच्या दंडावर गेला. मग पुन्हा, आणि पुन्हा. "बिबट असेल," ते कुजबुजले, "वाघ असता तर इतक्या लवकर थांबलं नसतं." वरच्या झाडांवरील वानरेही खेकसली आणि शांत झाली. मला काहीही दिसले नव्हते, तरी ओढ्यातून कोणीतरी उजवीकडे सरकत गेल्याचे, त्या हाका ऐकताना, मीही सांगू शकले असते.

उजाडल्यावर ओढ्यात उतरलो. ओल्या वाळूत बिबट्याचे ताजे ठसे होते आणि काठावर सांबराने पाय आपटल्याने उकरलेली माती. ठशांपासून तिथपर्यंत मी पावले मोजली. ती साठ भरली. तिथून मचाणापर्यंत पाचशे झाली.