भेंडीला रविवार कळत नाही

सावंतवाडीच्या घरामागच्या परड्यात मी दरवर्षी दोन सरी भेंडी लावते. बी रात्रभर भिजवून टोचलं की चार-पाच दिवसांत कोंब वर येतो, दीड महिन्यात फूल. फूल मात्र थांबून बघावं असं. जास्वंदीच्याच घराण्यातलं, फिकट पिवळं आणि पोटात गडद तांबडा डाग. सकाळी उमलतं, संध्याकाळी मान टाकतं.

तिथून पुढे माझी धावपळ. पाच-सहा दिवसांत भेंडी बोटाएवढी होते, आणि श्रावणातल्या त्या घामट उन्हापावसात तर काल करंगळी होती ती आज मधलं बोट. दिवसाआड तोडावीच लागते. तीही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, कारण तिची बारीक लव हाताला लागली की तासभर खाजवत बसायचं. बरं, रोज तोडली तरी पानाआड एखादी लपून राहतेच. ती जून झाली की झाडाचा सगळा जीव बियांत जातो आणि नवी फुलं रोडावतात.

यंदा चतुर्थीला घर माणसांनी भरलेलं. मोदक, आरत्या, चहा, पुन्हा चहा. चार दिवस परड्याकडे फिरकले नाही. पाचव्या दिवशी टोपली घेऊन गेले, तर वीतभर लांब, शिरा वर आलेल्या भेंड्या! शेपूट मोडून बघितलं. कट्‌ आवाज नाही, नुसतं वाकलं. गडग्यापलीकडून काकी बघत होत्या.

"काय गो, भेंडी काढतंस की जळण?"

सगळ्या उपटून टाकणार होते. पण बी ‘परभणी क्रांती’चं, मराठवाडा कृषी विद्यापीठाचं, संकरित नव्हे, म्हणजे घरचं धरलेलं चालतं. शिवाय शेजारची झाडं हळद्याने पिवळी पडली तेव्हाही माझी बरीच तग धरून होती. म्हणून गडग्याकडच्या दोन धडधाकट झाडांना लाल चिंधी बांधली आणि त्यांच्या शेंगा तशाच ठेवल्या. महिन्याभरात त्या तपकिरी झाल्या, शिरांवर उकलल्या. हलवल्या की खुळखुळायच्या. बी काढलं, राखेत घोळून डब्यात भरलं.

परवा काकी आल्या. थोडं इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग त्यांनी पदराच्या टोकात त्यातलंच मूठभर बी बांधून नेलं.