कमी तास उडालेले जुने जेट

चाकणमधील एका परिचित उद्योजकांनी नुकतेच जुने खासगी जेट घेण्याबाबत माझे मत विचारले. विमान पंचवीस वर्षांचे आहे, पण उडालेले फारच कमी, म्हणून सौदा चांगला आहे, असे विकणाऱ्याने त्यांना पटवले होते. विमान-देखभालीच्या कामात उमेदीची वर्षे गेल्यामुळे मला नेमकी हीच गोष्ट काळजीची वाटली.

प्रवासी कंपनीचे विमान वर्षाला हजारो तास उडते, खासगी जेट बहुधा काहीशेच. प्रत्येक उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब भरतो आणि उतरतो, त्यातून धातू थकतो. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवरील अलोहा एअरलाइन्सच्या १९ वर्षांच्या बोइंग ७३७ च्या छपराचा मोठा भाग उड्डाणातच निघून गेला, तेव्हा त्याची जवळपास ९० हजार उड्डाणे झाली होती. खासगी जेट या आकड्याच्या जवळपासही जात नाही, हे खरे आहे. मात्र त्या अपघातात थकव्याच्या जोडीला समुद्रकाठचा गंजही होता, आणि गंज उभ्या विमानालाही सोडत नाही.

शौचालय आणि पॅन्ट्रीखालच्या फळ्या उचलल्या की हे दिसते: सांडलेल्या पाण्याने ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरलेली असते, रिव्हेटांभोवती रंग फुगलेला असतो. विमान महिनोन्‌महिने उभे राहिले की रबरी सील कडक होतात, इंधनटाकीच्या तळाशी पाणी साचते आणि त्यात सूक्ष्मजीव वाढतात. म्हणूनच अनेक तपासण्या तासांवर नव्हे, तर वर्षांवर ठरलेल्या असतात. लँडिंग गिअरचे (चाके आणि त्यांच्या पायांचे) ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्ती, बऱ्याच जेटमध्ये बारा वर्षांनी येते आणि त्याचा खर्च विमानाची किंमत उतरली म्हणून उतरत नाही. विमान पुण्यात ठेवायचे तर लोहगावचा तळ हवाई दलाचा असल्याने तेथे खासगी विमानांना जागा मोजकीच आहे. मुंबईत ठेवायचे म्हटले तर खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस आलाच.

३१ जानेवारी २०२५ रोजी फिलाडेल्फियात रुग्णसेवेचे एक जुने छोटे जेट, लिअरजेट ५५, कोसळले. त्याचा कॉकपिटमधील आवाज टिपणारा रेकॉर्डर सापडला, पण तो बहुधा कित्येक वर्षे काहीच नोंदवत नव्हता, असे तपासयंत्रणेच्या प्राथमिक अहवालात आढळले. रेकॉर्डरच्या बिघाडाने विमान पडत नाही; परंतु तो इतका काळ कोणाच्याच लक्षात येऊ नये, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांप्रमाणे उड्डाणयोग्यतेचा आढावा दरवर्षी होतो आणि तो आवश्यकच आहे, पण त्यासाठी प्रत्येक वेळी केबिनच्या जमिनीच्या सगळ्या फळ्या उघडल्या जात नाहीत. म्हणून खरेदीपूर्व तपासणी विकणाऱ्याच्या नव्हे, तर स्वतः निवडलेल्या कार्यशाळेत करावी, फळ्या उघडून घ्याव्यात आणि इंजिनांच्या आत बोरोस्कोपने (आत सोडायच्या बारीक कॅमेऱ्याने) पाहावे, असे मी त्यांना सुचवले. लॉगबुकांमध्ये मध्येच मोठा खंड होता. त्या काळात विमान हँगरमध्ये होते की उघड्यावर, इंजिने नीट जतन केली होती की नाही, याची एकही नोंद नव्हती. ती कागदपत्रे हाती येईपर्यंत इसार देऊ नका, असे मी त्यांना सांगितले आहे.