चावी हरवलेली पल्सर आणि मामांची चेन कप्पी

पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवायची, पलीकडे वेसवीला उतरून केळशी-आंजर्ल्याच्या अंगाने दापोली गाठायची. दुचाकीवाल्यांना ही वाट पाठ आहे, म्हणून तिचं वर्णन लांबवत नाही. यंदा डिसेंबरात मी आणि मावसभाऊ दोन गाड्यांवर निघालो होतो. त्याच्या जुन्या पल्सर १५०ची चावी चालत्या गाडीतून पडून गेली आणि दापोलीजवळ मामांच्या घरी गाडी निम्मी उघडावी लागली. त्यातून हाती लागलेली माहिती या बाजूला जाणाऱ्यांच्या, आणि घरी गाडीवर काम करणाऱ्यांच्याही, उपयोगाची आहे.

चावी नेमकी कुठे पडली ते कळलंच नाही. श्रीवर्धनला पेट्रोल भरताना ती हातात होती, हे नक्की. बागमांडल्याच्या जेट्टीवर बोटीत गाडी चढवल्यावर इंजिन बंद करायला भावाने हात नेला, तर कुलपाचं भोक रिकामं आणि इंजिन चालू. हँडलवरचा लाल स्विच दाबून गाडी थांबवली. सावित्रीची खाडी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, समोर बाणकोटचा किल्ला दिसत असतो. आम्ही मात्र बोटीच्या फळ्यांवर चावी शोधत होतो.

चालत्या गाडीतून चावी निघते कशी, असं बऱ्याच जणांना वाटतं. कुलपाच्या आत पितळी पत्त्या असतात. चावीच्या खाचांप्रमाणे त्या खाली-वर सरकतात आणि कुलूप चालू स्थितीत असताना चावीला धरूनही ठेवतात. दहा-बारा वर्षं रोज वापरून पत्त्या आणि चावी दोन्ही झिजतात. मग चालू स्थितीतही चावी सहज वर येते. त्यातून तिला घराची, कपाटाची, ऑफिसच्या ड्रॉवरची चावी असा जुडगा लटकलेला असला तर खराब रस्त्यावर तो जुडगा एकसारखा हिसके देत राहतो. निघण्याआधी एक तपासणी कराच: गाडी चालू स्थितीत ठेवा आणि चावी हलक्या हाताने वर ओढा. ती निघून आली, तर कुलूप बदलायची वेळ झाली आहे. लांबच्या प्रवासाला गाडीची चावी एकटी असावी, फार तर एका हलक्या फितीला.

आता वेसवीला उतरल्यावर परिस्थिती अशी होती. कुलूप चालू स्थितीतच राहिलेलं, त्यामुळे बटण मारलं की गाडी सुरू होत होती आणि लाल स्विचने बंद होत होती. म्हणजे पुढे जाता येत होतं. पण पेट्रोलच्या टाकीचं झाकण चावीशिवाय उघडणार नाही, बाजूचं पॅनेलही नाही, आणि गाडी कुठे उभी केली तर कुणीही बटण दाबून घेऊन जाईल. शिवाय कुलूप चालू राहिलं की मीटर आणि बाकीचं थोडंथोडं बॅटरी खातं. ही गाडी एप्रिल २०१७च्या आधीची, त्यामुळे हेडलाइटचा स्विच तरी होता. त्यानंतरच्या गाड्यांना इंजिन चालू असताना हेडलाइट कायम चालू ठेवण्याचा नियम लागू झाला आणि तो स्विच गेला. तुमच्या नव्या गाडीत इंजिन बंद केल्यावरही हेडलाइट चालू राहत असेल तर अशा वेळी ती तासन्‌तास उभी ठेवू नका.

टाकी श्रीवर्धनला भरलेली होती, हे नशीब नव्हे. या पट्ट्यात पेट्रोल पंप विरळ आहेत, म्हणून फेरीच्या आधी टाकी भरायची असा माझा कायमचा आग्रह असतो. दापोलीपर्यंतचा रस्ता चढउतारांचा आणि वळणांचा आहे, पण भरल्या टाकीला त्याचं काही वाटत नाही. त्यामुळे केळशीचं महालक्ष्मी मंदिर आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आम्ही ठरल्याप्रमाणे केले. एक जण आत, एक जण गाडीपाशी. पुढच्या चाकात साखळी घालून कुलूप लावलं. असं साखळी-कुलूप प्रत्येक गटात एक तरी असावं. गाडीचं स्वतःचं कुलूप दगा देतं तेव्हा तेवढंच कामाला येतं.

दुसरी चावी कुठे होती? पुण्याला, कपाटात. दुसरी चावी सोबत आणायची, पण ती गाडीवाल्याकडे नाही, दुसऱ्या गाडीवरच्या माणसाकडे द्यायची. एकटे असाल तर कमरेच्या पट्ट्याच्या आतल्या खिशात ठेवा. सामानाच्या बॅगेत नको, कारण बॅग खोलीवर असते आणि तुम्ही समुद्रावर. नव्या गाडीबरोबर बऱ्याचदा चावीचा क्रमांक कोरलेली छोटी पट्टी मिळते. तिचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा आणि घरच्या कुणाला तरी पाठवून द्या. चिप असलेल्या चाव्यांच्या महागड्या गाड्यांचं गणित वेगळं. काही जुन्या डुकाटी गाड्यांना लाल आणि काही केटीएम गाड्यांना नारिंगी चावी येते. ती नव्या चाव्या गाडीला ओळखीच्या करून देण्यासाठी असते. ती घरातून बाहेर काढूच नका. चिपच्या गाडीला रस्त्यावरचा चावीवाला कुलपात फिरेल अशी चावी करून देईल, पण इंजिन सुरू होणार नाही.

आमचे मामा एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. दापोलीपासून जवळच्या एका वाडीत त्यांचं जांभ्या चिऱ्याचं कौलारू घर आहे आणि मागच्या अंगाला त्यांनी स्वतःसाठी कार्यशाळा थाटली आहे. गाडी पाहिल्या पाहिल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हँडल लॉक केलं नव्हतंस ना रे?" नव्हतं केलं. केलं असतं तर काम खरंच अवघड होतं. हँडल एका बाजूला अडकलेली गाडी ढकलली की गोल गोल फिरते, सरळ जात नाही. अशी गाडी न्यायची तर पुढचं चाक उचलून चाकांच्या पाटावर ठेवायचं, किंवा चार माणसांनी सरळ टेम्पोत चढवायची. हिसका देऊन हँडल लॉक तोडायच्या भानगडीत पडू नका. लॉकची खीळ तुटून आतच अडकली तर ऐन वळणावर हँडल आखडू शकतं, आणि ते जिवावरचं आहे.

दापोलीच्या बाजारातून चावीवाल्याला बोलावलं. त्याची पद्धत बघण्यासारखी असते. कोरी पट्टी कुलपात घालून हलका पीळ द्यायचा, बाहेर काढून तिच्यावर पत्त्यांचे उमटलेले बारीक ओरखडे उजेडात पाहायचे, तिथे कानस मारायची, पुन्हा घालायची. त्याने सुरुवात इंजिनच्या कुलपापासून केली नाही, टाकीच्या झाकणापासून केली, कारण ते कमी झिजलेलं असतं. तेवढ्याने टाकी आणि पॅनेल उघडलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर झाकणाच्या कुलपाला ड्रिल कुणालाही लावू देऊ नका, मेकॅनिक कितीही घाईत असला तरी. पेट्रोलची वाफ आणि ड्रिलची ठिणगी एकत्र येते, शिवाय पितळेचा कीस टाकीत पडतो.

मुख्य कुलूप मात्र बदलायचंच ठरलं. पूर्ण लॉकसेट घेतला: इंजिनचं कुलूप, टाकीचं झाकण, पॅनेलचं कुलूप, सगळ्याला एकच चावी. नुसतं एक कुलूप बदललं की खिशात दोन चाव्या येतात आणि हरवण्याची शक्यताही दुप्पट होते. वरची टी, म्हणजे पुढच्या चाकाचे दोन दांडे (फोर्क) वरून धरून ठेवणारी पट्टी, सोडवताना मामांनी हँडल डावी-उजवीकडे फिरवून पाहिलं तर मधोमध खटका लागत होता. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यांच्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला होता. तो बदलायचा म्हणजे पुढचं चाक, फोर्क, खालची टी सगळं खाली येणार, आणि गाडीचं तोंड वर टांगून ठेवावं लागणार. इथून मामांची चेन कप्पी, म्हणजे हाताने साखळी ओढून वजन उचलायचं यंत्र, कामाला आली, आणि खरं सांगायचं तर हा सबंध लेख मी तिच्यासाठी लिहितो आहे.

घरी गाडीवर काम करणारे हल्ली खूप झाले आहेत. एक टनाची चेन कप्पी हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि लोक ती घेऊन येतात. मग ती कशाला टांगायची, याचा विचार शेवटी करतात. कप्पीवर एक टन लिहिलेलं असतं. पण छपरातला वासा एक टनाचा नसतो आणि स्लॅबमधला पंख्याचा हूक तर मुळीच नाही. सगळ्या साखळीची ताकद तिच्यातल्या सगळ्यात कमजोर दुव्याइतकीच, आणि तो दुवा बहुतेक वेळा छप्पर असतो. कौलारू घराच्या वाशांवर कौलांचा भार वरून खाली पसरून येतो, एका जागी खाली ओढणारा भार सोसायला ते घातलेलेच नसतात.

मामांनी छपराला हातच लावलेला नाही. छपराच्या खाली, छपरापासून सुटा, एक लोखंडी गर्डर आडवा टाकला आहे. तो दोन्ही बाजूंच्या चिऱ्याच्या जाड भिंतींवर बसतो, पण थेट चिऱ्यावर नाही. जांभा मऊ असतो, टोकाखाली दबून फुटतो. म्हणून दोन्ही टोकांखाली काँक्रीटचा ठोकळा आणि त्यावर लोखंडी प्लेट. गर्डरच्या खालच्या पात्यावर चाकांची ट्रॉली, ट्रॉलीला कप्पी, आणि ट्रॉली निसटून बाहेर पडू नये म्हणून दोन्ही टोकांना बोल्ट मारून अडणी. पहिली गाडी टांगण्याआधी त्यांनी सिमेंटची पोती टांगून रात्रभर ठेवली होती. उचलायच्या वजनापेक्षा निदान सव्वापट वजन आधी टांगून पाहावं, असा त्यांचा नियम आहे. भाड्याच्या घरात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे जमणार नाही. तिथे जमिनीवर उभी राहणारी, चाकांची घोडी, म्हणजे कप्पी टांगायची लोखंडी चौकट, घ्या. तिचा भार फक्त जमिनीवर येतो आणि तुम्हाला छपराची चिंता राहत नाही.

गाडी उचलली ती अशी. पल्सर १५० साधारण १४५ किलोची, मागचं चाक आणि मेनस्टँड जमिनीवरच राहणार, म्हणजे कप्पीवर त्यातला निम्माच भार येणार. आधी टाकी उतरवली. मग चपटा पट्टा टाकीखालच्या चासीच्या मुख्य नळीभोवती, हँडलच्या मानेच्या लगेच मागे घातला. वायरिंग पट्ट्यात सापडणार नाही हे बोटांनी चाचपून पाहिलं आणि धारेच्या जागी जुन्या ट्यूबचा तुकडा लावला. हँडलला किंवा मागच्या पकडदांडीला पट्टा कधीच लावायचा नाही. मेनस्टँड दुमडून गाडी पुढे घसरू नये म्हणून मागच्या चाकाला दोन्हीकडून लाकडी पाचरी ठोकल्या आणि मेनस्टँड दोरीने जखडला. चाक जमिनीपासून सुटल्यावर मामा थांबले, गाडी हाताने हलवून पाहिली, मग इंजिनखाली लाकडी ठोकळे रचले आणि भार त्यांच्यावर टेकवला. कप्पी ताणलेली राहिली ती फक्त आधाराला. "उचलायला कप्पी, ठेवायला ठोकळा," ते म्हणाले. हायड्रॉलिक जॅकलाही हेच लागू आहे. त्याच्या सीलमधून तेल झिरपलं की तो न सांगता हळूहळू खाली बसतो. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका.

दोन पट्ट्यांनी उचलत असाल तर पट्ट्यांचा कोन पाहा. पट्टे उभे असतील तर प्रत्येकावर निम्मा भार येतो. ते पसरून जमिनीशी ३० अंशांपर्यंत आडवे झाले तर प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण वजनाइतका ताण येतो. म्हणून हूक उंच आणि पट्टे लांब ठेवायचे. जमिनीशी ६० अंशांच्या खाली जायचं नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक. खाऱ्या हवेत कप्पीची साखळी फार लवकर गंजते. मामा पावसाळ्याआधी ती उतरवून, पुसून, तेलाच्या फडक्याने फिरवून पोत्यात बांधून ठेवतात. कप्पीच्या आतल्या ब्रेकला मात्र तेल लावत नाहीत. भार धरून ठेवणारं तेच असतं, ते निसरडं झालं की भार खाली सरकतो. हुकाच्या तोंडाची पट्टी स्प्रिंगने आपोआप मिटते का आणि हुकाचं तोंड फाकलेलं नाही ना, हे दर वेळी पाहायचं. साखळीला पीळ पडलेला असताना ओढायचं नाही. पट्ट्याला एक जरी काप दिसला, तर तो पट्टा फाटक बांधायला वापरायचा, वजनाला नाही.

कोनसेट आणि लॉकसेट बसवून पल्सर उतरवली, तोपर्यंत हर्णैच्या बंदरावर जायची वेळ टळून गेली होती. मासळीचा लिलाव पाहायचा असेल तर संध्याकाळी, बोटी येतात तेव्हा पोहोचा. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग आहेच.

आता कागदपत्रांचं, कारण हे बरेच जण सोडून देतात. चावी हरवल्याची नोंद पोलिसांकडे करा. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर हरवलेल्या वस्तूची नोंद घरबसल्या करता येते. पुढे कधी गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. त्यातली एक नसेल तर ती का नाही, हे सांगणारा जुना कागद तुमच्याकडे हवा. कुलूप बदलल्याची पावतीही जपून ठेवा, कारण आता मूळ चाव्या त्या नव्या कुलपाच्याच. काही विमा पॉलिसींमध्ये चावी-कुलूप बदलण्याचं जादा संरक्षण घेता येतं. ते असेल तर दावा करताना पोलिसांची नोंद लागू शकते, म्हणून नोंद आधी आणि दुरुस्ती नंतर.

परतीला पुन्हा फेरी नको असेल तर दापोलीहून खेड गाठा आणि मुंबई-गोवा महामार्गाने महाड, माणगाव करत ताम्हिणी चढा.  रात्री उशिरा फेरी नसते आणि भरती-ओहोटीने वेळा मागेपुढे होतात, तेव्हा अंधार पडण्याच्या बेतात वेसवीच्या जेट्टीवर पोहोचण्यापेक्षा हा रस्ता बरा. खेडला पंपही आहेत आणि बाजारात दुचाकीचे सुटे भाग मिळतात.