सुला सोडून कुंकळ्ळी: नाशिककरांची व्हिस्कीवारी

पाहुणे आले की सुला वायनरी, पाहुणे आले की सुला, ती टूर आता आम्हाला तोंडपाठ झालीय, म्हणून यंदा चौघं मित्र गोव्यात कुंकळ्ळीला गेलो, पॉल जॉन या व्हिस्कीची डिस्टिलरी बघायला. तशी आपल्या दिंडोरीतही सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या जवाची व्हिस्की) बनते, लाँगिट्यूड ७७, २०२२ मध्ये आली, पण गोव्याला जायचं निमित्त कोण सोडतंय.

नाशिक रोडवरून मंगला एक्स्प्रेस थेट मडगावला जाते, गाडी बदलायची भानगड नाही. पुढे टॅक्सी, आणि परतीचीही तेव्हाच ठरवून टाका, आम्ही नाही ठरवली आणि तासभर उन्हात उभे. टूरची वेळ फोन करून आधी घ्या. पोटात काहीतरी टाकून जा, उपाशीपोटी टेस्टिंग म्हणजे दिवस गेलाच.

कंपनी मूळची बंगळुरूची, पॉल जॉन यांनी १९९२ ला काढलेली, आणि वाढली ती ओरिजिनल चॉइस या स्वस्तातल्या व्हिस्कीवर. सिंगल माल्ट आली थेट २०१२ ला, तीही आधी लंडनमध्ये! बंगळुरूच्याच अमृत या व्हिस्कीनेही २००४ ला तेच केलं होतं, आधी ग्लासगो. गोऱ्यांनी वा म्हटल्याशिवाय आपल्याला चव कळत नाही बहुतेक.

जव आपल्याच देशातलं, सिक्स-रो, म्हणजे कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेलं, पण त्यांच्या बोल्ड या व्हिस्कीला जो धुरकट वास येतो त्यासाठी जाळायचं पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, स्कॉटलंडहून आणतात. तांब्याचे स्टिल्स, म्हणजे दारू गाळायची भांडी, बघण्यासारखे आहेतच, पण मी अडकलो ते पिंपांच्या गोदामात. लाकडातून व्हिस्की उडून जाते, त्याला एंजल्स शेअर म्हणतात, स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण २ टक्के आणि गोव्याच्या उकाड्यात ८ ते १०. ८ धरले तरी पाच वर्षांत पिंपाचा तिसरा हिस्सा हवेत! पण त्याच उकाड्याने माल लवकर मुरतो, त्यामुळे "बारा वर्षांची आहे का" हा आमच्या एका मित्राचा प्रश्न तिथे फारच केविलवाणा वाटला. इथे बारा वर्षं ठेवली तर प्यायला उरणार किती?

नवख्यांनी त्यांच्याच बिनधुराच्या ब्रिलियन्सपासून सुरुवात करा, बोल्ड शेवटी, नाहीतर नंतर कशाचीच चव लागत नाही.

आणि हो, गोव्यातली स्वस्त बाटली परमिटशिवाय महाराष्ट्रात आणू नका, रस्त्याने येणाऱ्यांना बांद्याजवळ इन्सुलीला एक्साइजचा नाका लागतो. आम्ही आपले काजू घेऊन आलो.