पासपोर्टवरचं वडिलांचं नाव आणि शांघायमधला बँकेचा काउंटर

शांघायला निघालेल्या मराठी माणसाला घरचे दोनच गोष्टींची धास्ती घालतात, जेवण आणि भाषा. या दोन्ही गोष्टी महिना-दोन महिन्यांत अंगवळणी पडतात. वर्षानुवर्षं पुरून उरतं ते आपलं नाव. त्यातही मधलं, वडिलांचं.

भारतीय पासपोर्टवर नावासाठी दोनच रकाने असतात, आडनाव आणि दिलेलं नाव. आपण दुसऱ्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र लिहितो. अमोल विनायक कुलकर्णी हे उदाहरण घ्या. चीनचा व्हिसा आणि राहण्याचा परवाना यांवर तो ‘कुलकर्णी अमोल विनायक’ असा छापला जातो, कारण तिथे आडनाव आधी येतं. रोमन लिपीत मोजलं तर १९ अक्षरं आणि २ मोकळ्या जागा. बहुतेक चिनी माणसांचं आडनावासकट अख्खं नाव दोन किंवा तीन चिनी अक्षरांत संपतं. फॉर्मवरचे चौकोन, दवाखान्यातल्या रांगेचा फलक, कचेरीतली संगणकाची खिडकी, सगळं त्याच मापानं बेतलेलं असतं.

नाव लांब असल्यानं फॉर्म भरायला वेळ लागतो, एवढंच असतं तर तक्रार नव्हती. पण तिथे सिमकार्ड, बँक खातं, रेल्वेचं तिकीट, मोबाइलवरचं पैशाचं पाकीट, सगळं ‘शिमिंग’ म्हणजे खऱ्या नावानिशी असावं लागतं. चिनी नागरिकाला जन्मभर एकच १८ आकडी ओळख क्रमांक असतो. परदेशी माणसासाठी तेच काम पासपोर्टचा क्रमांक करतो. अलिपे किंवा वीचॅट या मोबाइल पाकिटांना तिथल्या बँकेचं कार्ड जोडताना चार गोष्टी तपासल्या जातात: कार्डाचा क्रमांक, पासपोर्टचा क्रमांक, बँकेत नोंदवलेला मोबाइल आणि नाव. पहिल्या तिन्हींत आकडे असतात, चूक झाली तर लगेच सापडते. नावाची तुलना अक्षराला अक्षर लावून होते, आणि संगणकाच्या लेखी मोकळी जागा हेही एक अक्षरच. बँकेत ‘अमोलविनायक’ जोडून टाइप झालं असेल आणि तुम्ही अॅपमध्ये तोडून लिहिलंत, तर माहिती जुळत नाही एवढाच निरोप येतो. काय जुळत नाही ते सांगत नाहीत. काही वेळा चुकीचे प्रयत्न झाले की त्या दिवसापुरता दरवाजाच बंद.

खातं उघडण्याच्या वेळीच बघा. काचेपलीकडची मुलगी पासपोर्ट हातात घेते, आधी फोटोचं पान, मग परवान्याचं पान, मग परत फोटोचं पान. एकेक अक्षर बोटानं पकडून टाइप करते. मध्येच थांबून शेजारच्या काउंटरला विचारते, आडनाव कुठलं? वरिष्ठ येतात, दोघं मिळून पडद्याकडे बघतात. मागे रांग वाढत असते, पण कोणी कपाळाला आठी घालत नाही. दीड-दोन तास सहज जातात आणि एवढ्या वेळात तिचा आवाज एकदाही चढत नाही. आपल्याकडच्या किती काउंटरांवर परक्या माणसासाठी एवढा धीर धरला जातो, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

त्या काउंटरवरून उठण्याआधी एक काम नक्की करा. व्यवहाराच्या कागदावर तुमचं नाव जसं छापून आलं आहे ते नीट पाहा: आडनाव आधी की नंतर, सगळी मोठी अक्षरं आहेत का, मोकळ्या जागा किती, मध्ये स्वल्पविराम आहे का, शेवटची अक्षरं तुटली आहेत का. खात्री नसेल तर पडद्यावर दिसतं तसंच कागदावर लिहून मागा. त्या कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि पुढे कार्ड जोडताना तस्संच लिहा. नाव तुटलेलं दिसलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. महिन्याभरानं गेलात तर त्याच कामाला पुन्हा अर्धा दिवस जातो.

ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा आहे, सगळं नाव दुसऱ्या रकान्यात आहे, त्यांनी भारतातून निघण्यापूर्वीच नवा पासपोर्ट करून घ्यावा. आडनावाशिवाय पुढे जाऊ न देणारे फॉर्म तिथे पावलोपावली भेटतात, आणि प्रत्येक ठिकाणी कारकून आपापल्या समजुतीनं काहीतरी भरून मोकळा होतो. मग दोन कचेऱ्यांत दोन माणसं तयार होतात.

बायकांचा प्रश्न वेगळा. चीनमध्ये लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. आपल्याकडे पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि मधल्या नावाच्या जागी वडिलांऐवजी नवरा. कामाचा परवाना देणाऱ्या माणसाला हे दोन वेगळ्या व्यक्तींचे कागद वाटतात, आणि त्यात त्याची चूक नाही. विवाह प्रमाणपत्राबरोबर राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र भारतातच तयार करून प्रमाणित करून न्यावं. तिथून हे करायचं तर कुरिअर, नोटरी आणि भावाच्या पुण्यातल्या चकरा, यात दोन महिने जातात.

पासपोर्ट संपतो तेव्हा सगळ्यात मोठी उलथापालथ होते, कारण क्रमांकच बदलतो. वाणिज्य दूतावासातून नवा पासपोर्ट घेताना रद्द केलेला जुना परत मागून घ्या, तो पुढचे सहा महिने लागणार आहे. पहिल्यांदा राहत्या भागातल्या पोलीस चौकीत, म्हणजे पाइछूसुओमध्ये, पत्त्याची नोंद नव्या क्रमांकावर करा. मग कंपनीकडून कामाच्या परवान्यातला क्रमांक बदलून घ्या. मग पुदोंगमध्ये मिनशेंग रस्त्यावरच्या प्रवेश-निर्गमन कचेरीत राहण्याचा परवाना. परवान्यातली नोंद बदलली की १० दिवसांत अर्ज करायचा असा कायदा आहे. पासपोर्ट तिथे ठेवून घेतात आणि फोटो लावलेली पावती देतात, ती जिवापाड जपा. पासपोर्ट हातात आला की दोन्ही पासपोर्ट घेऊन बँक, मग मोबाइल कंपनीचं दुकान, आणि सगळ्यात शेवटी फोनमधली पाकिटं. हा क्रम उलटा केला तर पाकीट नव्या क्रमांकानं बँकेला विचारतं आणि बँकेत अजून जुनाच असतो. या काळात मोबाइल नंबर अजिबात बदलू नका. रेल्वेचं पुढचं तिकीट जुन्या क्रमांकावर काढलं असेल तर ते रद्द करून नव्यावर काढा.

पोलीस नोंदणीबद्दल इथून जाणारे फार कुरकुर करतात. हॉटेलात उतरलात तर हॉटेल नोंद करतं, घरात उतरलात तर २४ तासांत स्वतः करायची, चुकलात तर २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे की पुण्यात परदेशी पाहुणा घरी ठेवला तर घरमालकालाही २४ तासांत त्याच्या नोंदीचा फॉर्म भरावा लागतो. आपल्यापैकी कितीजण तो भरतात? आणि आधार-पॅन जोडताना एका अक्षरासाठी अडकलेले लोक आपल्याच घरात आहेत. शिवाय चीनमधले उइघुर या अल्पसंख्य समाजाचे लोकही लांब नावाचे आणि नावाच्या दोन भागांमधल्या टिंबाचे हाल सोसत आले आहेत. एका कचेरीत एका प्रकारचा टिंब, दुसरीत दुसऱ्या, की झालं. तेव्हा हा छळ फक्त परदेशी माणसासाठी मांडलेला नाही.

माणसं मात्र नावाचा मार्ग सहज काढतात. जेवण किंवा पार्सल आणणारा मुलगा नाव उच्चारायच्या फंदात पडत नाही, तो ‘वेइहाओ’ विचारतो, म्हणजे मोबाइलचे शेवटचे चार आकडे. हे चार आकडे चिनी भाषेत न अडखळता म्हणता आले की शांघायमधलं अर्धं आयुष्य सोपं होतं. नोकरीच्या ठिकाणी सहकारी चिनी नाव सुचवतात, ते जरूर घ्या, पण कुठल्याही सरकारी कागदावर लिहू नका. रस्त्यावर ‘लाओवाय’ म्हणजे परदेशी असं ऐकू येईल, त्यात अपमान नाही. भारतीयांसाठी वापरला जाणारा ‘आ सान’ हा शब्द मात्र खटकतो, आणि खटकायलाच हवा. इंग्रजांच्या काळात शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत शीख पोलीस असत, त्यांना लोक हिणवून असं म्हणत. आज तो मुख्यतः इंटरनेटवर दिसतो, समोरासमोर क्वचितच.

समोरासमोर बहुतेक जण मोठे डोळे, लांब पापण्या यांचं कौतुक करतात, पगार आणि घरभाडं विचारतात. जुन्या पिढीतलं कोणी असेल तर ‘यिन्दू’ म्हणजे भारत म्हटल्यावर ‘क दीह्वा’ म्हणतं. हे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्या पाचही जणांच्या चिनी नावाच्या शेवटी ‘ह्वा’ हे अक्षर होतं, म्हणजे चीन. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यांत होते. कोटणीस १९४२ च्या डिसेंबरमध्ये तिथेच वारले. शिजियाझ्वांगच्या हुतात्मा स्मारकात त्यांचा पुतळा आहे. कोटणीसांतला ‘को’ तेवढा ‘क’ होऊन राहिला, पण नाव तीन अक्षरांत बसलं आणि ते ऐकल्यावर काउंटरपलीकडचे आजोबा पासपोर्ट जरा वेगळ्याच हातानं उघडतात.